लेखनाला वाचक हवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी आयुष्यभर भाषा शिकविली. म्हणून भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनाचा विषय मी निवडला आहे.

आपल्या इंदूरची मराठी मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत बहुतांशी हिंदी-इंग्रजी लिहितात. लिपी एकच असल्याने मराठी वाचणे त्यांना जड जात नाही. लिहिताना मात्र लेखणी अडखळते. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. 'पुस्तक' तिकडे स्त्रीलिंगी, इकडे नपुंसकलिंगी. अशा चुका मंदबुद्धीच्या नव्हेत. दोन भाषांच्या शेजाराच्या आहेत.

यावर आपण उपाय करतो तो निबंधाचा आणि तांबड्या शाईचा. मुलाला वाचक मिळतो एकच, आणि तोही दोष हुडकणारा. मग मूल सावध होते, चार सुरक्षित वाक्ये लिहून वही मिटते. लिहिणे तर लिहूनच येते. म्हणून मुलाला प्रथम हवा खरा वाचक.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकविताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालविले. 1928 साली 'विद्यार्थी' मासिक काढले. त्याच दशकात दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या गावी सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी स्वतःच्या अनुभवावर लिहावे, निवडलेला मजकूर सर्वांनी मिळून सुधारावा, स्वतः खिळे जुळवून छापावा आणि दूरच्या शाळेकडे धाडावा, असा त्यांचा क्रम होता. परक्या मुलांना कळले पाहिजे, या गरजेतूनच शुद्धतेची ओढ निर्माण होई.

आपल्याला यंत्राचीही गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची एक संवादवही असावी. त्याने आठवड्यातून एकदा मनातले लिहावे. शिक्षकाने प्रथम मजकुराला उत्तर द्यावे. 'मी आजीची मदत केली' असे मुलाने हिंदीच्या वळणाने लिहिले, तर 'आजीला तू कोणती मदत केलीस?' असे विचारावे. शुद्ध रूप मुलाच्या डोळ्यांपुढे येते आणि पुढे लिहिण्यास निमित्तही मिळते. एका वेळी एकाच प्रकारच्या दोषाकडे लक्ष वेधावे.

यामुळे चुका अंगवळणी पडतील, अशी शंका काही शिक्षक घेतील. ती रास्त आहे. म्हणून वहीला भित्तिपत्रकाची जोड हवी. वही सरावासाठी, भिंतीवर लागणारा मजकूर मात्र वर्गाने मिळून तपासलेला, निर्दोष असावा. बडोदा, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी शाळांशी पत्रव्यवहार जोडला, तर वाचकांचे वर्तुळ आणखी रुंदावेल.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्या ट्रंकांत आजोबांची पत्रे आहेत. ती वाचणारे नातू अजून आहेत. त्यांना मराठीत उत्तर लिहू शकतील असे किती उरले? केवळ बोलली जाणारी भाषा हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते. आपण शाळेला देणग्या देता, त्याबद्दल ऋण आहेच. त्यासोबत महिन्याला एका विद्यार्थ्याच्या पत्राला मराठीतून उत्तर द्या. त्या मुलाला वाचक लाभेल आणि गुरुजींचे स्मारक भिंतीबाहेर पडून चालू लागेल.