दोन तारांचा पाटकरी : सामुदायिक ठिबक सिंचनातील विद्युतदोषांचा शोध



पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. शेजपाळीत कोणत्या शेताला कधी व किती वेळ पाणी द्यावयाचे याचा क्रम ठरलेला असतो, आणि तो क्रम मोडला की बांधावर तंटा उभा राहतो. सामुदायिक ठिबक योजनांत, मोठ्या फळबागांत आणि सार्वजनिक उद्यानांत हेच काम आता पंपघरातील विद्युत नियंत्रक करू लागला आहे. तो ठरल्या वेळी एक व्हॉल्व्ह उघडतो, तो बंद करून दुसरा उघडतो. त्याला झोप नाही, भीडही नाही. मात्र त्याचा निरोप व्हॉल्व्हपर्यंत नेणारी तार जमिनीखाली पुरलेली असते, आणि ती बिघडली म्हणजे या पाटकऱ्याची वाचाच बसते.

पूर्वीच्या रचनेत प्रत्येक व्हॉल्व्हला नियंत्रकापासून स्वतंत्र तार न्यावी लागे व परतीची एक तार सामाईक असे. पन्नास व्हॉल्व्ह म्हणजे एक्कावन्न तारा. द्वितार पद्धतीत दोनच तारा साऱ्या क्षेत्रातून फिरतात. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी डिकोडर नावाची लहानशी डबी असते व तिला स्वतःचा क्रमांक असतो. वीज आणि आज्ञा या दोन्ही गोष्टी त्याच दोन तारांवरून जातात. ज्या डबीचा क्रमांक पुकारला जाईल तीच आपला व्हॉल्व्ह उघडते. यात तांब्याची मोठी बचत होते आणि पुढे नवा व्हॉल्व्ह जोडणेही सोपे जाते. परंतु या बचतीची एक किंमत आहे. जुन्या पद्धतीत एक तार तुटली तर एक व्हॉल्व्ह थांबे. येथे दोन तारा एका जागी एकमेकींना चिकटल्या तर सारे क्षेत्र थांबू शकते.

त्याचे परिणाम केवळ यांत्रिक नसतात. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्यान्वये पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी देण्याची व्यवस्था झाली. मोजून मिळालेले पाणी आत मोजूनच वाटले गेले पाहिजे. नियंत्रक बंद पडला की सभासद आपापले व्हॉल्व्ह हाताने उघडू लागतात. एकाच वेळी अनेक व्हॉल्व्ह उघडले की नळातील दाब घसरतो, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या नळ्या कोरड्या राहतात. ऐन उन्हाळ्यात हलक्या जमिनीवरील भाजीपाल्याला चार दिवसांचा खंडही सोसत नाही. दोष तारेत असतो, आणि अविश्वास मात्र संस्थेविषयी निर्माण होतो.

म्हणून दोष लवकर शोधणे अगत्याचे आहे. प्रत्यक्षात मात्र तो शोधण्याऐवजी खोदकाम सुरू होते. कोणी म्हणतो डिकोडर बदला, कोणी म्हणतो नियंत्रकच सदोष आहे. चार ठिकाणी खड्डे पडतात आणि खोदताना कुदळीने तारेला नवी जखम होते. ही घाई टाळावयाची असेल तर काही गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे दोष विजेचा आहे की पाण्याचा, हे ठरविणे. व्हॉल्व्हवर हाताने उघडण्याचा स्क्रू असतो. तो सैल केल्यावर व्हॉल्व्ह उघडत असेल तर पाणी आणि पडदा ठीक आहेत; दोष सोलेनॉइड, डिकोडर किंवा तार यांपैकी कशात तरी आहे. हातानेही उघडत नसेल तर तारेच्या वाटेला जाऊच नये. गाळणी तुंबली आहे काय, दाब पुरेसा आहे काय, पडदा फाटला आहे काय हे पाहावे. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा अनेकदा दिवसभराची पायपीट वाचविते.

एकच व्हॉल्व्ह रुसला असेल तर शोध त्याच्याच चेंबरपुरता राहतो. चोवीस व्होल्ट प्रत्यावर्ती दाबावर चालणाऱ्या सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा रोध सामान्यतः काही दशक ओहम भरतो. मल्टिमीटर शून्याजवळ गेला तर वेटोळे जळाले, काहीच दाखवीत नसेल तर ते तुटले. क्षणिक धक्क्यावर उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइडचे आकडे निराळे असतात, ते माहितीपत्रकातून घ्यावेत. नवा डिकोडर बसविताना जुन्याचाच क्रमांक त्याला देण्यास विसरू नये, अन्यथा चांगली डबीही मुकीच राहील.

साराच विभाग थांबला असेल तर मात्र मापनावाचून गत्यंतर नाही. येथे उपयोगी पडते ते वायरमन मंडळींच्या ओळखीचे टाँग टेस्टर, म्हणजे तार न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा. मोटारीचा प्रवाह मोजणारे नेहमीचे टेस्टर येथे चालत नाही. मिलिअँपिअर वाचणारे हवे. चिमट्यात एकच तार धरावी, दोन्ही धरल्यास जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतात.

समजा, मार्गावर ६४ डिकोडर आहेत आणि स्वस्थ असताना प्रत्येक डबी ३ मिलिअँपिअर घेते. तर कोणताही व्हॉल्व्ह चालू नसताना पंपघरात सुमारे १९२ मिलिअँपिअर दिसावयास हवेत. त्याऐवजी ९६ दिसले तर निम्म्या डबीच जोडलेल्या आहेत, पुढे तार तुटली आहे. २६० दिसले तर कोठेतरी प्रवाह झिरपत आहे. आकडा कित्येक पटींनी चढला, किंवा नियंत्रकाने स्वतःच मार्ग बंद केला, तर तारा एकमेकींना भिडल्या आहेत. काही नियंत्रकांत अशा वेळी मर्यादित प्रवाह चालू ठेवून शोध घेण्याची सोय असते, ती माहितीपत्रकात पाहून ठेवावी.

यानंतर मार्गाच्या मध्यावरील चेंबर उघडून पुढची तार सोडवावी. पंपघरातील आकडा खाली येऊन अर्ध्या डबींना शोभेल इतका झाला, तर दोष पुढच्या अर्ध्यात. तसाच चढा राहिला, तर अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा मध्य घ्यावा. चौसष्टचे बत्तीस, बत्तिसाचे सोळा, असे करीत सहा पायऱ्यांत एका चेंबरपर्यंत पोहोचता येते. ओळीने एकेक चेंबर उघडीत जाणाऱ्याला नशिबाने साथ दिली नाही तर चौसष्ट झाकणे उचलावी लागतील. गणिताच्या शिक्षकांना ही रीत वर्गात सांगण्यासारखी आहे. मार्ग वर्तुळाकार जोडलेला असेल तर शोधापूर्वी वर्तुळ तोडणे आवश्यक आहे. दोन्ही बाजूंनी वीज येत असेल तर हे निष्कर्ष फसवे ठरतात.

तारा पूर्णपणे भिडल्या असतील तर अंतराचाही अंदाज बांधता येतो. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे जाण्यायेण्याचा मिळून सुमारे १५. नियंत्रकापासून तारा सोडवून मल्टिमीटरने ६ ओहम भरले, तर दोष तारेच्या मार्गाने सुमारे ४०० मीटरच्या आत आहे. जेथे तारा भिडल्या तेथील गंजाचा रोधही त्यात मिसळलेला असल्याने दोष याहून अलीकडे असू शकतो, पलीकडे सहसा नसतो.

एक सावधगिरी. मोटारीचे इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर डिकोडर जोडलेले असताना कदापि लावू नये. एका फेऱ्यात साऱ्या डबी निकामी होऊ शकतात. तसेच शेतातील तारांवरचा दाब कमी असला तरी नियंत्रकाला येणारी वीज २३० व्होल्टची असते. त्याचे झाकण उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

शोधाअंती बहुतेक वेळा हाती काय लागते? हिरवट पडलेला जोड. तारेला तारेचे पीळ देऊन वर काळी पट्टी गुंडाळलेली असते. चेंबरमध्ये पाणी साचते, ते पट्टीखाली शिरते, तांबे झिजू लागते, आणि एकदा प्रवाह झिरपू लागला की झीज आणखी वेग घेते. पट्टी कोरड्या भिंतीत ठीक, भिजणाऱ्या मातीत नव्हे. येथे जेलने भरलेले जलरोधक जोडच वापरले पाहिजेत. मोठ्या खर्चाच्या योजनेत जोडांवर काटकसर करणे हा शहाणपणा म्हणता येणार नाही. नांगराचा फाळ, उंदीर आणि चर खणणारी यंत्रे हीही कारणे आहेत, परंतु त्यांच्या खुणा जमिनीवर बहुधा दिसतात. जोड मात्र गुपचूप कुजतो.

दुसरा शत्रू वीज, आकाशातली. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात ती शेतावर प्रत्यक्ष कोसळावीच लागते असे नाही. जवळपास पडली तरी लांबलचक तारेत दाबाची लाट उठते आणि डिकोडर जळतात. यासाठी निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर व मार्गाच्या टोकांना लाटरोधक उपकरणे व अर्थिंग हवे. अर्थिंगचा रोध कोरड्या मुरमात उन्हाळ्यात वाढतो. म्हणून मोजणी मे महिन्यात करावी. पावसाळ्यात केलेली मोजणी समाधान देते, संरक्षण देत नाही.

हे सारे करावयाचे तर तार कोठून गेली आहे हे ठाऊक पाहिजे, आणि अडचण नेमकी येथेच येते. आराखड्यातील रेघ आणि प्रत्यक्ष चर यांत विहीर, झाड किंवा बांध आडवा आल्याने फरक पडलेला असतो. तो फरक काम करणाऱ्या मजुरांनाच माहीत असतो, आणि ते पुढच्या कामावर निघून जातात. म्हणून योजना ताब्यात घेताना, अंतिम देयक अदा करण्यापूर्वी, संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने प्रत्यक्ष टाकलेल्या तारेचा नकाशा, प्रत्येक जोडाची जागा, डिकोडरांचे क्रमांक आणि मार्गाचा स्वस्थ अवस्थेतील प्रवाह एवढे लेखी मागावे. हे कागद पुरवठादाराच्या कचेरीत नव्हे, संस्थेच्या दप्तरी असावेत. गावातील एखाद्या वायरमनला किंवा आयटीआय झालेल्या तरुणाला ते दाखवून ठेवल्यास शहरातून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहत पाळी दवडावी लागणार नाही.

दुरुस्ती झाली की चर लगेच बुजविण्याची घाई होते. त्यापूर्वी पंपघरात जाऊन प्रवाह पुन्हा मोजावा व दप्तरातील आकड्याशी ताडून पाहावा. तो जुळला तर तारीख घालून नोंद करावी आणि माती लोटावी. दहावीस मिलिअँपिअर जास्त दिसत असतील, तर त्याच मार्गावर आणखी एखादा जोड ओला आहे, आणि तो शोधावयास चेंबर उघडे असतानाच सोपे जाते.