कथेतले गाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात काही जणी कथा लिहितात व त्या वाचूनही दाखवतात. म्हणून कथेतल्या स्थळाविषयी मी चार शब्द बोलावे, असे मला सांगण्यात आले. विषय मोठा आहे; मी त्यातली एकच बाजू घेते.

आपल्या पुष्कळ कथा सूर्यास्ताने सुरू होतात. क्षितिज लाल होते, पाखरे घरट्याकडे परततात, मंद वारा सुटतो आणि मग नायिका खिडकीशी येऊन उभी राहते. ही खिडकी पुण्याची की नागपूरची, ते काही केल्या कळत नाही. वाचक तो परिच्छेद ओलांडून पुढे जातो आणि त्याचे काही अडत नाही. ज्यावाचून कथेचे अडत नाही, ते वर्णन खुशाल गाळावे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली प्रसिद्ध झाली. माणदेशातली मेंढपाळांची वस्ती आणि तिथे नव्याने आलेला तरुण मास्तर. त्याच्याबरोबर आपणही ती वाडी हळूहळू ओळखू लागतो. पुढे दुष्काळ पडतो आणि माणसे वाडी सोडून जातात. ही वाडी उचलून कोकणात नेऊन ठेवा बरे! कथाच उरणार नाही.

त्याहून जवळचे उदाहरण कागलच्या आनंद यादवांचे. त्यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीतला नारबा हा दुसऱ्याच्या मळ्यात राबणारा गडी. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मळा आपल्याला दिसतो तो त्याच्या कामातून आणि त्याच्याच बोलीतून. पुढे मालक ट्रॅक्टर आणतो आणि बैलांची गरज सरते. तेव्हा आपल्याला चुटपुट लागते, कारण तोवर तो गोठा आपल्या ओळखीचा झालेला असतो. यादवांनी मळ्याचे चित्र रंगवत न बसता मळ्यातले काम सांगितले.

आता आपल्या बावड्याकडे येऊ. 'नदीला पूर आला, जिकडे तिकडे पाणीच पाणी झाले' असे कोणीही लिहील. त्याला बावड्यात राहायला नको. पण पावसाळ्यात आपण एकमेकींना काय विचारतो? "किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. आता कथेत दोन बायका घ्या. एकीचे घर उंचावर, दुसरीचे नदीकडे उताराला. दोघींनी एकच आकडा ऐकला. पहिली चहाचे आधण ठेवते. दुसरी म्हशीचे दावे सोडते आणि धान्याचे पोते माळ्यावर चढवायला हाक मारते. पाण्याचे एक अक्षर वर्णन न करता पूर आला की नाही? शिवाय दोघींची परिस्थितीही कळली.

पुरात घरातले आधी काय उचलायचे, हे बहुतेक बाईच ठरवते. तान्हे मूल, सरकारी कागद, देव, की उद्याची भाकरी? हा क्रम कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. तो आपणच लिहायचा. जिथे वैरण कापली त्या रानात आता घरे उभी राहात आहेत, पूर्वीइतकी गुऱ्हाळेही राहिली नाहीत. आपल्या सुनांना हे सारे कुठून दिसणार? लेखिकेने पुण्याची खिडकी उसनी आणावी आणि दारातले गुऱ्हाळ तसेच जाऊ द्यावे, हे मला तरी पटत नाही.

कोणी विचारील, काहील, चुलवाण, चिपाडे हे शब्द मुंबईच्या वाचकाला कळतील का? कंसात अर्थ देऊ नका. नुसते लिहा, की चुलवाणात चिपाडे सारणाऱ्याच्या अंगाला घाम सुटला होता, आणि गड्यांनी मिळून काहील उतरवली तेव्हा आईने पोराला मागे ओढले. ती केवढी होती आणि किती तापली होती, ते मुंबईकराला बरोबर कळेल.