निजलेल्या यंत्राचा जमाखर्च



झरी जामणीत लिनक्स कर्नलच्या, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या कोडवर) भाषण कशाला, असं मला विचारलं गेलं. विजेची किंमत ज्यांना रोज मोजावी लागते, त्यांच्यातच हा विषय निघायला हवा, असं माझं मत आहे. आपल्याकडे शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. ती आली की ऑटोस्विच लावलेले सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे रोहित्र, जळते. कर्नलमध्ये असं चालत नाही. वीज वाचवायला यंत्र झोपताना आधी टोकाचं उपकरण, मग हब, शेवटी कंट्रोलर. उठताना नेमकं उलट. कंट्रोलर जागा झाल्याशिवाय त्याच्यामागचं उपकरण बोलूच शकत नाही, म्हणून ही शिस्त.

एक अनुभव सांगतो. मुकुटबनकडच्या एका शेतात आम्ही मातीतली ओल नोंदवणारा लिनक्सवरचा छोटा संच बसवला होता. सौर पाटी, बॅटरी आणि यूएसबीनं जोडलेला मापक. उन्हाळाभर उत्तम चालला. पाऊस लागला आणि दुसऱ्याच रात्री बॅटरी बसली. ढगांमुळे, असं सगळे म्हणाले. मलाही ते पटलं होतं. पण मापकाची स्थिती उघडली, तर मध्यरात्रीही ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे जागाच!

लिनक्समध्ये २००९ पासून चालू यंत्रातलं एकेक उपकरण वेगळं झोपवायची रीतसर सोय आहे. हिशेब वाण्याच्या वहीसारखा: काम काढलं की ‘गेट’, आकडा एकानं वाढतो, काम झालं की ‘पुट’, एकानं उतरतो. शून्यावर आला तरच झोप. आमच्या ड्रायव्हरमध्ये वाचन नीट झालं की पुट होत होतं. वाचन फसलं की मात्र तो मधूनच परत फिरायचा, उधारी तशीच. पावसात केबलचा जोड ओला झाला की वाचन फसायचं. एकदा फसलं की मापक जागा, मापक जागा म्हणून हब जागा, हब जागा म्हणून कंट्रोलरही. सापडल्यावर दुरुस्ती एका ओळीची होती. शोधायला अकरा दिवस लागले.

सोपा उपाय कुणीतरी सुचवला होताच: झोपच बंद करा, उपकरणाच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’च्या जागी ‘ऑन’ लिहा. उपकरण झोपेतून उठत नसेल तेव्हा बरेच जण हेच करतात. मला हे अजिबात मान्य नाही. त्यानं तक्रार थांबते, दोष तिथंच राहतो आणि बिल बॅटरी भरते.

संपूर्ण यंत्रच झोपून उठेनासं झालं, तर काम आणखी अवघड. पडदा काळा, आणि नोंद ठेवणारी डिस्कही झोपलेली. त्यासाठी कर्नलमधल्या ‘पीएम टेस्ट’ या चाचणीच्या पाच पायऱ्या आहेत: फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. सांगाल त्या पायरीपर्यंत यंत्र उतरतं, पाच सेकंद थांबतं, परत येतं. ज्या पायरीवर अडकेल, तिथं शोधा. ‘पीएम ट्रेस’ तर विलक्षण आहे. कुठवर पोचलो याची खूण तो घड्याळाच्या चिपमध्ये लिहितो, कारण रीबूटनंतर टिकेल अशी दुसरी भरवशाची जागा त्या क्षणी नसते. म्हणून यंत्र परत सुरू झालं की तारीख भलतीच दिसते. पुष्कळांना वाटतं, घड्याळही बिघडलं. ती तारीख म्हणजेच साक्ष असते. ती वाचून घ्या, मगच घड्याळ लावा.

विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. ड्रायव्हर वाचताना यशाची वाट शेवटी वाचा. आधी प्रत्येक फसलेली वाट बोटानं धरून पुढे जा आणि तिथल्या गेटचा पुट कुठं आहे ते दाखवा. तो मापक, जुन्या ड्रायव्हरसकट, मागच्या टेबलावर ठेवला आहे. जोडावर पाण्याचे चार थेंब टाका आणि आकडा चढतो का, ते स्वतः पाहा.