वैद्यकीय विद्यार्थ्याची कसोटी आणि समाजाचे कर्तव्य

(व्याख्यानाचा सारांश)



मुलास एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात, सत्कार होतात. त्यानंतरच्या साडेपाच वर्षांत त्याची कसोटी कशी लागते, याची कल्पना मात्र घरच्यांनाही क्वचितच असते. विद्यादानास हातभार लावणाऱ्या समाजाने ती करून घेणे अगत्याचे आहे.

पुण्यात या विद्येची परंपरा जुनी आहे. ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले. १८७८ साली बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाने वैद्यकीय शाळा निघाली. १९४६ साली तिचे महाविद्यालय झाले. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीने, देशात डॉक्टरांचे दोन दर्जे नसावेत, सर्वांचे शिक्षण एकाच पदवीचे असावे, अशी शिफारस केली. पूर्वी येथील पदवी पुणे विद्यापीठाची असे. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा त्याच्याकडे गेल्या.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन विषय असतात. व्याख्यानांना ७५ टक्के, प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. अंतर्गत मूल्यमापनात पात्र ठरल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेस बसता येत नाही. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याखेरीज दुसऱ्या टप्प्यात प्रवेश नाही. त्यासाठी फार तर चार संधी मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत पुरा करावा लागतो. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात केवळ पाठांतर नव्हे, तर प्रत्यक्ष कौशल्य, रुग्णाशी संवाद आणि वर्तनही शिकवले व नोंदवले जाते. अखेरीस वर्षभराची आंतरवासिता असते.

हे निकष कठोर आहेत आणि ते तसेच असावेत. कारण चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. प्रवेशपरीक्षेत चार पर्यायांतून एक अचूक उत्तर निवडावयाचे असते. पहिल्या वर्षी त्याच विद्यार्थ्याला इंग्रजीत दीर्घ उत्तरे लिहावी लागतात आणि परीक्षकासमोर उभे राहून तोंडी उत्तरे द्यावी लागतात. तालुक्याच्या गावातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलास विषय समजलेला असतो, पण तो मांडण्याची भाषा व सराव नसतो. नव्या अभ्यासक्रमाच्या प्रारंभीच भाषा व संगणकाच्या शिक्षणाला स्थान दिले आहे, ते याच जाणिवेने. पण काही दिवसांत बारा वर्षांची उणीव भरून निघत नाही.

अशा वेळी तो एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होतो. पुढे पुरवणी परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा आपल्या तुकडीत सामील होऊ शकतो. म्हणजे नियमांनीच त्याच्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे. समाज मात्र नेमके याच वेळी आपले दार लावून घेतो. गुणपत्रिका पाहून पुढील साहाय्य थांबते, नातेवाईक कुजबुजतात आणि मुलगा लज्जेने घरी यावयाचे टाळतो. ज्या थोड्या आठवड्यांत त्याला वसतिगृहाचा खर्च, पुस्तके आणि चार धीराचे शब्द हवे असतात, त्याच आठवड्यांत तो एकाकी पडतो.

म्हणून शैक्षणिक साहाय्य एका निकालावर अवलंबून नसावे. पुरवणी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत ते चालू राहावे. समाजातील डॉक्टरांनी आठवड्यातून एक तास देऊन अशा मुलांकडून तोंडी परीक्षेचा सराव करून घेतल्यास ते दान धनाहून मोठे ठरेल. पालकांनीही लक्षात ठेवावे की, पदवी प्रमाणपत्रावर गाळलेल्या अश्रूंची नोंद नसते आणि रुग्ण आपल्या डॉक्टरास, पहिल्या वर्षी किती वेळा परीक्षा दिली, असे विचारीत नाही.

परीक्षा घेणे हे विद्यापीठाचे काम आहे. परीक्षार्थ्याला उभे राहण्याचे बळ देणे हे समाजाचे काम आहे. ते आपल्या सर्वांच्या हातून घडो, हीच सदिच्छा.