काम सुटल्यावर, काम मिळेपर्यंत



कासूच्या स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे असतात. काही कामावर निघालेली असतात, काही काम शोधावयास निघालेली असतात. दोघांच्याही हाती पिशवी असते, तिकिटाचे पैसे दोघेही सारखेच मोजतात. संध्याकाळी घरी परतल्यावर काय सांगावयाचे, हे पहिल्याला ठाऊक असते. दुसऱ्याला ते ठाऊक नसते. आजचा विषय या दुसऱ्या माणसाचा आहे. हातचे काम गेल्यापासून नवे काम मिळेपर्यंतचा काळ त्याने कोणाच्या भरवशावर काढावयाचा?

या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा कोकणाने मुंबईच्या गिरणी संपात घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. महिने उलटू लागले तशी गिरणगावातल्या खोल्यांची भाडी तुंबली, खानावळवाल्या बायांचे पैसे थकले आणि कामगार गावाकडे परतले. गावी जमीन होती, पण ती भावाभावांत वाटली गेलेली. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर जे घर चालत होते, त्याच घरात मनिऑर्डर पाठविणारा आता खाणारा झाला. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. सुमारे लाखभर कामगारांना गिरण्यांची दारे पुन्हा उघडली नाहीत.

त्या लाखभर माणसांचे पुढे काय झाले? उपाशी किती दिवस राहणार? त्यांना कामे मिळाली. कोणी पहारेकरी झाला, कोणी भाजी विकू लागला, कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर गेला. माग चालविण्याचे कसब तेच, कापड तेच. परंतु पाळी बारा तासांची आणि मजुरी गिरणीच्या मजुरीचा एक तुकडा. ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा, ना संघटना. सरकारी कागदावर असा माणूस बेकार राहत नाही. ‘त्याला काम मिळाले’ असे म्हणून समाज सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात पंधरा-वीस वर्षांच्या झगड्याने मिळविलेले सारे हक्क गमावून तो पुन्हा पहिल्या पायरीवर आलेला असतो.

म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावयास हवी. बेकारीचा काळ हा रिकामा काळ नसतो. त्या काळात माणसाची किंमत पाडण्याचे काम चालू असते. पहिल्या महिन्यात तो आपल्या हुद्द्याचे काम मागतो, तिसऱ्या महिन्यात मिळेल ते काम मागतो आणि सहाव्या महिन्यात मिळेल त्या मजुरीवर मागतो. दाराबाहेर असा माणूस उभा असला की आत काम करणाऱ्याची मजुरीही वाढत नाही. मालकाला काही बोलावे लागत नाही. त्याने फक्त दाराकडे बोट दाखवायचे असते.

आणि हा माणूस बंडही करीत नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या खेड्यात गावाला पोसणारी कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोदा व तिच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकार कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९३३ साली तो प्रसिद्ध केला. हाती वेळच वेळ असूनही गावच्या ग्रंथालयातून पुस्तके नेणे कमी झाले. संस्थांतील वावर ओसरला, माणसांची चालही मंदावली. याहोदा स्वतः समाजवादी होती. विपन्नावस्थेतून क्रांती आपोआप उगवत नाही, हे तिने पाहिले. बेकार माणूस चावडीवर येत नाही, सभेला येत नाही, कारण ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाला तो टाळत असतो. कार्यकर्त्याने त्याची वाट पाहून चालत नाही. त्याच्या घरी जावे लागते.

गिरण्या गेल्या, तरी या भागात कारखाने आले नाहीत असे नाही. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत झाली, नागोठण्याला वायूवर चालणारे पेट्रोरसायन संकुल उभे राहिले, पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखाना आला. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली. चिमण्या दिसू लागल्या. परंतु काम मिळण्याची वाट मात्र जुनीच राहिली. ती ठेकेदाराच्या ओट्यावरून जाते. कोण कोणाचा पाहुणा, कोण कोणाच्या गटाचा, निवडणुकीत कोण कोठे होता, यावर प्रवेशपत्र ठरते. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन मालकांवर घातले; त्या कार्यालयाने पाठविलेल्या माणसालाच घ्यावे, असे बंधन मात्र घातले नाही. साहजिकच नाव नोंदविणारा रांगेत राहिला आणि चिठ्ठी आणणारा आत गेला.

यावर उपाय नाही असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास पाहावा. हमालांना काम देणे पूर्वी मुकादमाच्या मर्जीवर असे. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगार, मालक व शासन यांची मंडळे आली, कामगारांची नोंदणी झाली आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांचे कष्ट होते. पुढे दुष्काळाच्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या आग्रहाने, रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते देण्याची जबाबदारी राज्याने पत्करली. काम मिळणे हा उपकार नसून व्यवस्थेचा भाग होऊ शकतो, हे या दोन कायद्यांनी सिद्ध केले. त्यांची अंमलबजावणी कोठे कमी पडली हा वेगळा विषय. तत्त्व खोटे ठरलेले नाही.

आता कायद्याची एक बाब, जी प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळे. मालकाने पुढे पुन्हा भरती केली तर पहिली संधी त्याच कामगाराला देणे बंधनकारक होते आणि त्याला मुदत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. पुनर्नियुक्तीचा तो अग्रहक्क राहिला, पण कपातीपासून एका वर्षापुरता. नवे कौशल्य शिकण्यासाठी कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम निधीत भरावयाची, अशी नवी तरतूद झाली. पंधरा दिवसांच्या पगारात कोणते नवे कसब येते, हे संहिता लिहिणाऱ्यांनाच ठाऊक! तरीही ती रक्कम हक्काची आहे, ती सोडावयाची नाही. आणि एका वर्षाची मुदत शोकात घालवावयाची नाही.

हे हक्क कागदावाचून मिळत नाहीत. वर्षात २४० दिवस काम केल्याचा पुरावा कामगाराच्या हाती नसतो. हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते आणि वही ठेकेदाराच्या घरात. म्हणून काम चालू असतानाच वेतनचिठ्ठी, प्रवेशपत्र आणि निधीचा क्रमांक जपून ठेवण्याची सवय लावावयास हवी. गावोगावी शाखेने साधी एक वही ठेवावी: कोणाचे काम कधी सुटले, कोणत्या कारणाने, देणे किती राहिले, अंगी कोणते कसब आहे. कोठे भरती निघाली की त्या वहीतील माणसे एकत्र जावीत. दहा जण एकत्र गेले की ठेकेदाराला प्रत्येकाची मजुरी वेगवेगळी पाडता येत नाही. आणि त्या वहीत बाईचे नावही स्वतंत्रपणे असावे. नवऱ्याचे काम सुटले की लावणीला, विटांच्या भट्टीवर, दुसऱ्याच्या घरी ती आधी जाते. तिचे काम सुटले तर मात्र त्याला कोणी बेकारी म्हणत नाही.

संध्याकाळची गाडी कासूला थांबते. रिकाम्या हाताने उतरणाऱ्याला आज शाखा नोकरी देऊ शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु उद्या त्याला एकट्याने गाडीत चढावे लागू नये, इतके करणे शाखेच्या हातात आहे. त्याची मजुरी त्याच्या एकटेपणामुळेच पडते. तेव्हा कामाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.