एकशे दहा मजले आणि तीन जिने

उंच इमारत समोर आली की आपली मान आपोआप वर जाते आणि आपण मजले मोजायला लागतो. किती मजली आहे, जगात कितव्या क्रमांकाची आहे, हेच आपले पहिले प्रश्न. पण अशा इमारतीत जो रोज नोकरीला जातो, त्याचे प्रश्न वेगळे असतात. सकाळी नऊच्या गर्दीत मी माझ्या मजल्यावर कसा पोचणार? आणि एखाद्या दिवशी पटकन उतरायची वेळ आली, तर कसा उतरणार? न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची गोष्ट आज मी तुम्हाला या दोन प्रश्नांच्या अंगाने सांगणार आहे. ते जुळे मनोरे २००१ साली कसे पडले, हे सगळ्या जगाने पाहिलं. ते उभे कसे राहिले आणि त्यांत माणसं कशी वावरत होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

ही गोष्ट आकाशवाणीवरून सांगताना एक योगायोग आठवतो. हे मनोरे जिथे उभे राहिले, तिथे आधी रेडिओचाच बाजार होता. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला कोर्टलँड स्ट्रीटच्या आसपास रेडिओ, व्हॉल्व्ह, लाउडस्पीकर आणि सुटे भाग विकणारी दुकानं एकाला एक लागून होती. लोक त्या भागाला ‘रेडिओ रो’ म्हणत. दुकानाबाहेर फळ्यांवर माल मांडलेला, दर दुसऱ्या दुकानातून गाण्याचा आवाज येणारा. आपल्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी कधी एखादा सुटा भाग शोधत पायपीट केली असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र लगेच उभं राहील.

शहराच्या या जुन्या भागाला पुन्हा ऊर्जितावस्था यावी म्हणून इथे व्यापाराचं मोठं केंद्र उभारायचं ठरलं. उभारणारी संस्था होती पोर्ट ऑथॉरिटी. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी या दोन राज्यांनी मिळून १९२१ साली स्थापन केलेली ही संस्था पूल, बोगदे, विमानतळ असं बरंच काही चालवायची. दुकानदार कोर्टात गेले. सार्वजनिक कामासाठी जागा घेता येते हे मान्य, पण भाड्याने कचेऱ्या देणं हे सार्वजनिक काम कसं, असा त्यांचा सरळ सवाल होता. १९६३ साली ते हरले. प्रत्येक दुकानाला तीन हजार डॉलर मिळाले. दुकान किती जुनं, धंदा केवढा, याचा विचार नव्हता. १९६६ साली पाडकाम सुरू झालं आणि तीनशेहून अधिक लहानमोठे व्यवसाय तिथून उठले.

वास्तुरचनाकार होते मिनोरू यामासाकी. त्यांना स्वतःला उंचीची भीती वाटायची, असं सांगतात. खिडक्या त्यांनी मुद्दाम अरुंद ठेवल्या, जेमतेम दीड फुटाच्या. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या खांबांचा आधार वाटावा, हा हेतू. हे खांब नुसते दिखाऊ नव्हते. प्रत्येक बाजूला एकोणसाठ पोलादी खांब दाटीवाटीने उभे केलेले होते आणि वाऱ्याचा सगळा रेटा बाहेरची ही जाळी पेलत होती. मधोमध सत्तेचाळीस खांबांचा गाभा. जाळी आणि गाभा यांच्यामध्ये एकही खांब नाही. एकेक मजला जवळजवळ एक एकराचा आणि पूर्ण मोकळा. भाडेकरूने हवी तशी कचेरी थाटावी.

पाया घालणं हेच मोठं आव्हान होतं. ही जमीन मुळात हडसन नदीत भराव टाकून मिळवलेली. खणायला घेतलं की पाणी आत येणार. म्हणून आधी सभोवार तीन फूट रुंदीचा खोल चर खणत गेले आणि खणताना त्यात बेंटोनाइट नावाच्या मातीचं दाट पाणी भरत गेले. त्या पाण्याच्या दाबामुळे चराच्या कडा ढासळत नाहीत. मग त्यात लोखंडी सांगाडा सोडायचा आणि तळापासून काँक्रीट भरत आणायचं. काँक्रीट खालून वर येतं, मातीचं पाणी बाहेर पडतं, आणि जमिनीच्या पोटात खडकापर्यंत भिंत तयार होते. ही युक्ती इटलीतल्या मिलान शहराच्या भुयारी रेल्वेत वापरली होती. न्यूयॉर्कच्या कामगारांनी या खड्ड्याला ‘बाथटब’ असं नाव दिलं. फरक एवढाच की इथे पाणी टबाच्या बाहेर राहायला हवं होतं! या खड्ड्यातून नदीखालून येणाऱ्या रेल्वेच्या नळ्या जात होत्या. भोवतालची माती काढल्यावर त्या अधांतरी टेकू देऊन धरल्या आणि सारा वेळ त्यांतून गाड्या धावत राहिल्या. निघालेली माती शेजारी नदीतच टाकली. त्यातून जी जमीन तयार झाली, तिच्यावर आज बॅटरी पार्क सिटी नावाची वसाहत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकशे दहा मजल्यांवर माणसं चढवायची कशी?

उंच इमारतीचा एक विचित्र हिशेब असतो. मजले वाढवले की माणसं वाढतात, माणसं वाढली की लिफ्ट वाढवाव्या लागतात, आणि प्रत्येक लिफ्टची विहीर खालच्या प्रत्येक मजल्यावरची जागा खाते. एका मर्यादेनंतर वरचे मजले मिळवण्यासाठी खालचे मजले गमवावे लागतात. अभियंत्यांनी याचं उत्तर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शोधलं. तिथे जलद गाड्या असतात आणि प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या धीम्या गाड्या असतात. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. दादरला फास्ट सोडून स्लो पकडायची, तसंच हे. मनोऱ्यात चव्वेचाळिसाव्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या मजल्यावर दोन जंक्शनं केली. तळातून मोठी जलद लिफ्ट थेट तिथे न्यायची. पंचावन्न माणसं मावतील एवढी ती मोठी होती. तिथे उतरून धीम्या लिफ्टने आपापला मजला गाठायचा. धीम्या लिफ्ट तीन टप्प्यांत विभागल्यामुळे एकाच विहिरीत एकावर एक अशा तीन लिफ्ट बसल्या. प्रत्येक मनोऱ्यात नव्याण्णव लिफ्ट होत्या, आणि तरीही वापरायला मिळणारी जागा साधारण बासष्ट टक्क्यांवरून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत गेली.

या वाढलेल्या जागेत आणखी एका गोष्टीचा वाटा होता. मनोऱ्यांचे आराखडे होत असताना शहराचे बांधकामाचे जुने, १९३८ सालचे नियम बदलत होते. नव्या नियमांत कमी जिने चालणार होते. पोर्ट ऑथॉरिटी दोन राज्यांची संस्था असल्यामुळे शहराचे नियम तिच्यावर कायद्याने बंधनकारक नव्हते, तरी ते पाळायचे असं तिने ठरवलं होतं. १९६५ साली तिने आराखडे करणाऱ्यांना नव्या नियमांचा मसुदा धरून चालायला सांगितलं. तो १९६८ साली अमलात आला. एकशे दहा मजल्यांना तीन जिने मिळाले, आणि तिन्ही मधल्या गाभ्यात. त्यांच्या आणि लिफ्टच्या विहिरींच्या भिंती जड विटांच्या ऐवजी हलक्या जिप्सम बोर्डाच्या केल्या. वजन वाचलं, वेळ वाचला. कुणी कायदा मोडला नाही. त्या काळच्या हिशेबात हे शहाणपणच होतं, कारण आग लागली तर दोन-चार मजले रिकामे करायचे, अख्खा मनोरा नाही, अशी समजूत होती.

४ एप्रिल १९७३ रोजी उद्‌घाटन झालं. पुढे सोळा एकरांच्या या संकुलात एकूण सात इमारती झाल्या. रोज सुमारे पन्नास हजार माणसं इथे कामाला यायची. टपाल खात्याने संकुलाला स्वतंत्र पिनकोड दिला होता, १००४८. सकाळी न्यूजर्सीहून येणारी गाडी तळघरात थांबायची, माणसं सरकत्या जिन्यांवरून वर यायची, दुकानांच्या रांगांमधून वाट काढत लिफ्टपाशी पोचायची. मनोऱ्यांमधल्या चौकात वारा असा घुसायचा की काही दिवशी चालणाऱ्यांना धरायला दोर बांधावे लागत. वादळाच्या दिवशी वरच्या मजल्यांवर भिंती करकरायच्या. हे डुलणं माणसाला कितपत सोसेल, याची परीक्षा १९६५ सालीच घेतली होती. ऑरेगन राज्यात ‘डोळे फुकट तपासून मिळतील’ असं सांगून लोकांना बोलावलं आणि ज्या खोलीत ते बसले, ती खोलीच हळूहळू हलवली! त्यानंतर डोलणं कमी करण्यासाठी प्रत्येक मनोऱ्यात सुमारे दहा हजार धक्काशोषक बसवले गेले. उत्तर मनोऱ्याच्या माथ्यावर उपाहारगृह, दक्षिण मनोऱ्यावर प्रेक्षकांसाठी सज्जा. आणि या सगळ्यांच्या मागे लिफ्ट दुरुस्त करणारे, काचा पुसणारे, रात्री मजले झाडणारे असे शेकडो लोक. मनोरा खऱ्या अर्थाने त्यांना पाठ होता.

उतरण्याचा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला २६ फेब्रुवारी १९९३ रोजी. तळघरात मोटारीतून आणलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. सहा जण मरण पावले, हजाराहून अधिक जखमी झाले. वीज गेली, जिन्यांत धूर भरला आणि हजारो माणसं अंधारात कठडे चाचपत कित्येक तास उतरत राहिली. यातून काही धडे घेतले गेले. जिन्यांत बॅटरीवरचे दिवे आले, पायऱ्यांवर अंधारात चमकणारे पट्टे रंगवले गेले, मजल्यामजल्यावर जबाबदार माणसं नेमून सराव सुरू झाले. पण जिने तीनच राहिले. बांधलेल्या मनोऱ्यात नवा जिना कुठून आणणार?

११ सप्टेंबर २००१ रोजी ८ वाजून ४६ मिनिटांनी उत्तर मनोऱ्यावर विमान आदळलं. तिन्ही जिने गाभ्यात जवळजवळ होते. तिन्ही एकदमच तुटले. वर अडकलेल्यांपैकी कुणीही वाचलं नाही. दक्षिण मनोऱ्यात विमान जिथे घुसलं, त्या भागात लिफ्टची अवजड यंत्रं होती आणि त्यांना वळसा घालण्यासाठी जिने एकमेकांपासून लांब नेलेले होते. तिथे एक जिना शाबूत राहिला आणि त्याने अठरा माणसं खाली आली. यंत्रांच्या सोयीसाठी घातलेला एक वळसा माणसांच्या कामी आला.

आणखी एक प्रसंग सांगतो. उत्तर मनोऱ्यात सहा जण चव्वेचाळिसाव्या मजल्यावरून वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये होते. लिफ्ट पन्नासाव्या मजल्याजवळ अडकली. दार उघडून पाहिलं तर समोर भिंत, कारण ती लिफ्ट तिथे थांबणारीच नव्हती! त्यांच्यात एक काचा पुसणारा कामगार होता. त्याच्याजवळ काच पुसायचा वायपर होता. त्याच्या धातूच्या पट्टीने ते आळीपाळीने भिंत खरवडत राहिले. विटांची असती तर काही चाललं नसतं. ती जिप्सम बोर्डाची होती. पलीकडे निघालं स्वच्छतागृह. तिथून जिना गाठून सहाही जण मनोरा पडायच्या आत बाहेर आले. त्या वायपरची मूठ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्या दिवशी तिथे २,७५३ माणसं मरण पावली. नंतरच्या सरकारी तपासात दिसलं की विमानं आदळली तेव्हा दोन्ही मनोऱ्यांत मिळून सुमारे साडेसतरा हजार माणसं होती आणि आघाताच्या खालच्या मजल्यांवरची जवळजवळ सगळी वाचली. १९९३ नंतरचे दिवे, पट्टे आणि सराव वाया गेले नव्हते. पण मनोरे भरलेले असते, तर ते रिकामे व्हायला तीन तासांहून अधिक वेळ लागला असता. उत्तर मनोरा १०२ मिनिटं उभा राहिला, दक्षिण मनोरा ५६.

आज त्याच आवारात २०१४ साली उघडलेली नवी इमारत उभी आहे. तिचे जिने आणि लिफ्ट तीन-तीन फूट जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींत आहेत आणि अग्निशमन दलासाठी स्वतंत्र जिना आहे. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नमुना नियमांत, कचेऱ्यांसारख्या फार उंच इमारतींना एक जास्तीचा जिना आणि चमकणारे पट्टे आता लिहिलेले आहेत. बाथटबची जुनी भिंत मात्र त्या दिवशीही तगली. तिचा एक भाग तिथल्या स्मृती संग्रहालयात उघडा ठेवलेला आहे.

श्रोतेहो, मुंबई-पुण्यात चाळीस, पन्नास, साठ मजल्यांचे मनोरे उभे राहत आहेत. जाहिरातीत समुद्र दिसतो, बाग दिसते, पोहण्याचा तलाव दिसतो. जिना दिसत नाही. घर पाहायला गेलात की खिडकीतून जरूर बाहेर बघा. पण त्याआधी जिन्याचं दार उघडा. जिने किती आहेत, एकमेकांपासून किती लांब आहेत, त्यांत दिवा लागतो का, कुणी जुनी कपाटं आणि सायकली तर रचून ठेवल्या नाहीत ना, हे पाहा. आणि सगळं ठीक दिसलं, तरी एकदा त्या जिन्याने खालपर्यंत उतरून या.