पुस्तक कुठल्या सालचं?



भोर-वेल्ह्यातली काही मुलं-मुली बी.कॉम.नंतर म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा देताहेत. माझं काम सॉफ्टवेअरचं, तरी अभ्यासाला काय घ्यायचं हे मलाच विचारतात, म्हणून बोलतोय.

परीक्षा घेते एनआयएसएम, सेबीनं २००६ साली काढलेली संस्था. सिरीज फाईव्ह-ए: १०० गुण, दोन तास, पास व्हायला ५०, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न संस्थेच्याच वर्कबुकवर असतात, आणि ते संकेतस्थळावर फुकट मिळतं. मग अप्पा बळवंत चौकातून जाडजूड गाईड कशाला आणायचं?

जुनं गाईड तर मोठ्या भावाचं असलं तरी नको. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर २३ जुलै २०२४ पासून १० वरून १२.५ टक्के झाला, अल्पकालीन नफ्यावरचा १५ वरून २०. त्याआधीच्या गाईडात जुनेच आकडे. परीक्षेत एक गुण जाईल, ठीक आहे. पण उद्या गावातल्या चाचींना तोच आकडा सांगितलात, तर हिशेब त्यांचा चुकेल.

सराव प्रश्नसंच विकत घ्यायचाच, तर उत्तरामागचं कारण दिलंय का ते बघा. नुसतं ‘ब’ छापलेल्या संचाला मी दहा रुपयेही देणार नाही.

इंग्रजी अडतं? दोघं-तिघं मिळून वाचा. एनएव्ही, एक्झिट लोड हे शब्द तसेच ठेवा, अर्थ मराठीत बोला. भोरला रविवारी बसणार असाल तर सांगा, मी येतो.